टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि बेरजेच्या जागी ‘नॅन’

पत्र थोडक्यात असं: सोलापूरची एक वाचक, वय २५, होटगी रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात दोन वर्षं फ्रंटएंडचं (ॲपचा स्क्रीनवर दिसणारा भाग) काम करते. सध्या टॉवेल-चादरीच्या एका होलसेल व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घ्यायचं ॲप चालू आहे, रिॲक्ट (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि रिडक्सवर (ॲपचा डेटा ‘स्टोअर’ नावाच्या एका जागी ठेवणारी लायब्ररी). त्यात ऑर्डरचा गोषवारा दाखवणारा एक कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा एक तुकडा, आहे, तो स्टोअरमधून माल, दर आणि पार्टीचं नाव उचलतो. त्याची युनिट टेस्ट (कोडचा छोटा भाग आपोआप तपासणारा कोड) लिहायला घेतली तर पहिल्याच रनला एरर, प्रोव्हायडर (कंपोनंटला स्टोअर पुरवणारं आवरण) सापडत नाही म्हणून. सिनियर सर म्हणाले, स्टोअरला जोडलेला कंपोनंट टेस्ट करायचाच नसतो, आतला साधा कंपोनंट वेगळा एक्स्पोर्ट कर आणि तेवढाच टेस्ट कर. पुण्यातली मैत्रीण म्हणाली, कशाला एवढं, यूज-सिलेक्टर (कंपोनंटला स्टोअरमधलं वाचून देणारं फंक्शन) मॉक कर, म्हणजे त्याच्या जागी ठरलेलं उत्तर देणारं खोटं फंक्शन ठेव, दोन मिनिटांचं काम. तिने मॉक केलं. १४० टेस्ट पास, कव्हरेज ८३ टक्के, सर खूश. मग एका सहकाऱ्याने स्लाइसमधल्या (स्टोअरच्या एका भागातल्या) ‘नग’ या फील्डचं नाव बदलून ‘डझन’ केलं. १४० च्या १४० टेस्ट तरीही पास, आणि व्यापाऱ्याच्या मोबाइलवर एकूण रकमेच्या जागी ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’ असं सांगणारी जावास्क्रिप्टची खूण), मग त्याचा फोन. ती विचारते, “ताई, आता कुणाचं ऐकू? टेस्ट लिहून उपयोग काय झाला? आणि इथे सोलापुरात बसून हे सगळं आपल्याला कधी नीट कळणार आहे का?”

अगं, त्या फोननंतर दोन रात्री झोप लागली नाही असं लिहिलंयस, ते वाचून मला वाईट वाटलं. पण आधी एक गोष्ट नीट बघ. नाव बदलणारा वेगळा, कंपोनंट लिहिणारी तू, टेस्टची पद्धत सांगणारी मैत्रीण, आणि ज्या जागी मोडलं ती जागा तुमच्यापैकी कुणाच्याच ताब्यात नव्हती. स्लाइस आपल्या जागी बरोबर होता, कंपोनंट जुन्या नावाने वाचत होता आणि जुन्या हिशोबाने तोही बरोबरच होता. दोघांमधला सांधा निखळला, आणि त्या सांध्यावर नजर ठेवणारी एकही टेस्ट नव्हती. मॉकने तो सांधाच टेस्टमधून काढून टाकला होता, त्यामुळे टेस्टला कळायला मार्गच नव्हता. मॉक अजूनही प्रामाणिकपणे ‘नग’ देत होता, कंपोनंट ‘नग’ घेऊन गुणाकार करत होता, आणि खऱ्या ॲपमध्ये ‘नग’ नावाचं काही उरलंच नव्हतं, मग जे नाहीच त्याला दराने गुणल्यावर जावास्क्रिप्ट ‘नॅन’ देणार नाही तर काय देणार.

तुझ्या पत्रात एक वाक्य तीन वेळा आलंय, “युनिट टेस्ट म्हणजे कंपोनंट एकटाच तपासायचा ना?” मला वाटतं तुझी सगळी ओढाताण या एका समजुतीतून झालीये. युनिट म्हणजे एक फाइल किंवा एक फंक्शन असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. वेगळेपणा हवा तो टेस्ट आणि टेस्टमध्ये हवा, म्हणजे एका टेस्टने केलेली घाण दुसरीच्या पानात जाऊ नये, कुठलीही टेस्ट कुठल्याही क्रमाने चालवली तरी निकाल तोच यावा. कंपोनंटला त्याच्या सोबत्यांपासून तोडायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तुझा गोषवारा कंपोनंट स्टोअरशिवाय ॲपमध्ये एक क्षणही राहत नाही, मग टेस्टमध्ये त्याला स्टोअरशिवाय उभा करून आपण नेमकं काय तपासतोय?

माझी अम्मा विड्या वळायची. आम्ही तेव्हा पूर्व भागात राहायचो, आता ती कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत असते. तेंदूचं पान भिजवून, साच्याने कापून, तंबाखू भरून, वळून, दोऱ्याने बांधून झालं की विड्या घेऊन ती कारखान्यात जायची, आणि मजुरी हजारावर. तिथला तपासणारा माणूस पान वेगळं बघत नसे, तंबाखू वेगळी बघत नसे. तयार विडी हातात घ्यायचा, अंगठ्याने दाबायचा, सैल लागली की बाजूला. मी लहान असताना अम्माला विचारलं होतं की पान तर चांगलं होतं, मग का काढली? ती म्हणाली, पान चांगलंच असतं गं, वळताना बिघडतं. कंपोनंट टेस्ट करताना मला आजही ते अंगठ्याने दाबणं आठवतं. जिथे दोन गोष्टी एकमेकींत वळल्या जातात तिथे दाबून बघायचं.

आता सरांचं म्हणणं. सर चुकीचं काही बोलत नाहीयेत, ते त्यांच्या वेळचं बरोबर सांगतायत, आणि हे तुला माहीत असलं तर त्यांच्याशी बोलताना तुझा सूर वेगळा राहील. रिडक्स २०१५ ला आलं. तेव्हा कंपोनंट स्टोअरला जोडायचा म्हणजे ‘कनेक्ट’ने गुंडाळायचा, आणि टेस्टला एन्झाइम ही लायब्ररी. एन्झाइमच्या शॅलो रेंडरमध्ये एकच थर उलगडतो, त्यामुळे कनेक्ट केलेला कंपोनंट दिला की हाताला फक्त वरचं आवरण लागायचं, आत काही दिसायचंच नाही. म्हणून तेव्हा रिडक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सांगितलेलं असायचं की साधा कंपोनंट नावाने एक्स्पोर्ट करा, जोडलेला डीफॉल्ट म्हणून एक्स्पोर्ट करा, आणि टेस्ट साध्याची लिहा. दिसणारे कंपोनंट वेगळे आणि डेटा आणणारे वेगळे ही विभागणी रिडक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डॅन अब्रामोव्ह, यानेच २०१५ मध्ये लेख लिहून लोकप्रिय केली, आणि २०१९ मध्ये त्याच लेखात वर टीप टाकून सांगितलं की आता मी अशी विभागणी सुचवत नाही. कारण २०१९ च्या फेब्रुवारीत रिॲक्ट १६.८ मधून हुक्स (कंपोनंटच्या आतूनच बोलावता येणारी खास फंक्शन) आले, त्याच वर्षी रिॲक्ट-रिडक्स ७.१ मधून यूज-सिलेक्टर आलं, आणि कंपोनंट आतूनच स्टोअर वाचायला लागला. आता वेगळं एक्स्पोर्ट करायला आतला साधा कंपोनंट उरलाच कुठे? सरांचं ऐकायचं म्हटलं तर फक्त टेस्टसाठी कंपोनंटचे दोन तुकडे करावे लागतील. एन्झाइमचा अधिकृत ॲडॉप्टर तर रिॲक्ट १६ पर्यंतच आहे, त्याच्या पुढे नाही. आणि आज रिडक्सचं डॉक्युमेंटेशन स्वतःच सांगतं की खरं स्टोअर घेऊन, कंपोनंट त्यात बसवून टेस्ट करा, हुक्स मॉक करू नका.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: खरं स्टोअर वापर. मॉक स्टोअर नको, मॉक केलेला सिलेक्टर नको, तुमच्या ॲपचे खरे रिड्यूसर (स्टोअरमधला डेटा कसा बदलायचा ते ठरवणारी फंक्शन) घालून बनवलेलं खरं स्टोअर. ते जड असेल ही भीती काढून टाक, रिडक्सचं स्टोअर म्हणजे मेमरीतलं एक साधं ऑब्जेक्ट, ते तयार व्हायला वेळ लागतो असं जाणवतही नाही, टेस्टचा वेळ खातं ते रेंडरिंग, आणि रेंडर तर तू मॉक करूनही करतच होतीस.

करायचं कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक जण अडखळतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये, मी बघितलेल्या दहातल्या आठ प्रोजेक्टसारखी, एक स्टोअरची फाइल असेल आणि ती तयार झालेलं स्टोअरच एक्स्पोर्ट करत असेल. टेस्टमध्ये तेच इम्पोर्ट केलंस तर प्रोव्हायडरची एरर जाईल आणि तुला वाटेल झालं. पण मग एका फाइलमधल्या सगळ्या टेस्ट एकाच स्टोअरवर चालतात. पहिल्या टेस्टने कार्टात टाकलेले टॉवेल दुसऱ्या टेस्टला तसेच सापडतात. अशी टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल, आणि माणूस डोकं धरून बसतो. एका प्रोजेक्टवर मी एक अख्खा शनिवार यात घालवलाय, शेवटी कळलं की वरच्या टेस्टने पार्टी ‘उधारी बंद’ करून ठेवली होती आणि खालच्या टेस्टला सेव्हचं बटन दाबताच येत नव्हतं. तर उपाय साधा आहे, त्या फाइलमध्ये स्टोअर बनवणारं एक फंक्शन लिही, त्याला सुरुवातीची स्टेट (स्टोअरमधला डेटा) देता येईल असं ठेव, आतमध्ये रिडक्स टूलकिटचं कन्फिगर-स्टोअर. ॲप ते फंक्शन एकदा बोलावेल, आणि टेस्ट प्रत्येक वेळी नव्याने बोलावेल. दर टेस्टला नवं कोरं स्टोअर.

मग टेस्टसाठी एक छोटा मदतनीस लिही, जो नवं स्टोअर बनवतो, कंपोनंटला प्रोव्हायडरमध्ये गुंडाळतो, टेस्टिंग लायब्ररीचं रेंडर बोलावतो, आणि रेंडरने दिलेल्या गोष्टींसोबत ते स्टोअरही परत देतो. राउटर लागत असेल, भाषेचा प्रोव्हायडर लागत असेल तर तोही इथेच गुंडाळायचा. दहा-पंधरा ओळींचं काम आहे, एकदा केलं की ती प्रोव्हायडरची एरर परत तोंड दाखवणार नाही. ती एरर म्हणजे तुझ्या कोडमधली चूकही नव्हती बरं का, कंपोनंट एवढंच म्हणत होता की मी ज्या घरात राहतो ते घर इथे दिसत नाही.

आता टेस्टच्या सुरुवातीला स्टोअरमध्ये माल कसा भरायचा. दोन रस्ते आहेत. एक, प्रीलोडेड स्टेट म्हणून तयार ऑब्जेक्ट द्यायचं. दोन, कोरं स्टोअर घेऊन त्यावर खऱ्या ॲक्शन डिस्पॅच करायच्या, म्हणजे स्टोअरला बदलाचे निरोप पाठवायचे, माल घाल, दर ठरव, पार्टी निवड. मला दुसरा जास्त आवडतो, आणि तुझ्याच बगमुळे आवडतो. प्रीलोडेड स्टेट तू हाताने लिहिणार, म्हणजे त्यात तू ‘नग’ लिहिलं असतंस तर रिड्यूसर ‘डझन’ म्हणत असताना टेस्ट परत हिरवीच राहिली असती, मॉकचा आजार नव्या कपड्यात. ॲक्शन डिस्पॅच केलीस की स्टेटचा आकार रिड्यूसर ठरवतो, तुझ्या हातात राहत नाही, आणि नाव बदललं की त्याच क्षणी टेस्ट लाल. टाइपस्क्रिप्ट (फील्डची नावं-प्रकार आधीच तपासणारी जावास्क्रिप्ट) असेल आणि प्रीलोडेड स्टेटला नीट टाइप लावलेला असेल तर हा धोका बराच कमी होतो, पण तुमचं जावास्क्रिप्ट आहे असं तू लिहिलंयस. आणि प्रीलोडेडचा अजून एक खड्डा सांगून ठेवते: एखाद्या स्लाइसचे चारच फील्ड दिलेस तर बाकीचे फील्ड त्याच्या मूळ इनिशियल स्टेटमधून आपोआप भरले जात नाहीत, तू दिलंस तेवढंच राहतं. अर्धी ताटली वाढली तर अर्धीच. म्हणून द्यायचीच असेल तर मूळ इनिशियल स्टेट इम्पोर्ट करून त्यावर बदल कर.

टेस्टने बघायचं काय, तर जे व्यापारी बघतो ते. स्टोअरमधून स्टेट काढून ‘डझन १५० आहे का’ असं तपासत बसू नकोस, व्यापाऱ्याला स्टोअर दिसत नाही, त्याला रक्कम दिसते. १५० डझन टॉवेल, डझनाला ८४० रुपये, तर स्क्रीनवर १,२६,००० असं दिसतंय का? आकडा मुद्दाम लाखाच्या वरचा घे. हजारांत राहिलीस तर आपला स्वल्पविराम आणि परदेशी स्वल्पविराम सारखाच पडतो आणि चूक लपते, लाखाच्या वर गेलीस की १,२६,००० आणि १२६,००० यातला फरक लगेच उघडा पडतो. भाषा मराठी ठेवून आकडे छापत असाल तर आकडे देवनागरी येतात, तेही टेस्टला माहीत पाहिजे. माझ्या अनुभवात कपड्याच्या आणि कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या ॲपमध्ये सर्वात जास्त तक्रारी आकडा चुकीचा दिसतो याच्याच येतात, रंग-रूपाच्या नाहीत.

बटन शोधायचं ते त्याच्या भूमिकेने आणि नावाने शोध, ‘सेव्ह करा’ नावाचं बटन, ‘डझन’ नावाचा रकाना, सीएसएस क्लासने नको. याचा एक फायदा असा होतो की रकान्याला लेबल लावायचं राहिलं असेल तर टेस्टला तो सापडतच नाही, आणि ते लेबल स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसालाही तेवढंच लागतं. क्लिक आणि टायपिंगसाठी यूजर-इव्हेंट वापर, आणि त्याच्या १४ व्या व्हर्जनपासून सगळं असिंक्रोनस आहे, अवेट विसरलीस तर टेस्ट क्लिक होण्याआधीच पुढे पळते. उशिरा येणाऱ्या गोष्टीसाठी फाइंड-बाय, तो ठरलेला १,००० मिलिसेकंद वाट बघतो, आणि नसलीच पाहिजे अशा गोष्टीसाठी क्वेरी-बाय. गेट-बायने नसलेली गोष्ट शोधायला गेलीस की तो तिथेच एरर फेकतो.

मग मॉक करायचंच नाही का? करायचं, पण कुंपणापाशी. सर्व्हरवरून दर येतात ना, तो सर्व्हर टेस्टमध्ये खरा नको, तिथे एमएसडब्ल्यू लाव, म्हणजे मॉक सर्व्हिस वर्कर, ती नेटवर्कची रिक्वेस्ट वाटेतच अडवून तू ठरवलेलं उत्तर देते. थंक (सर्व्हरशी बोलणारं रिडक्सचं फंक्शन) मॉक करू नकोस, फेचवाली फाइल मॉक करू नकोस. तुमच्या ॲपचं जेवढं स्वतःचं आहे तेवढं खरं चालू दे, ॲपच्या बाहेर जाणारी वायर तेवढी खोटी. घड्याळ, तारीख, प्रिंटर, असल्या गोष्टीही कुंपणाबाहेरच्या. आणि सर्व्हर ५०० (सर्व्हर बिघडल्याचा एरर कोड) देतो तेव्हा स्क्रीनवर काय दिसतं ही टेस्ट नक्की लिही, कारण बाजारात दुपारी नेटवर्क कसं असतं हे तुला मला सांगायला नको, लोक सर्व्हर चांगला असल्याच्याच टेस्ट लिहितात आणि व्यापारी गोल फिरणारं चक्र बघत बसतो.

रिड्यूसर आणि सिलेक्टर ही साधी फंक्शन आहेत, तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट, त्यांची वेगळी टेस्ट लिहायला काही लागत नाही. पण प्रत्येकाची लिहीत सुटू नकोस. जिथे खरोखर हिशोब आहे, ५० डझनाच्या वर दर उतरतो, जुनी बाकी धरली जाते, तिथे दहा-बारा उदाहरणं टाकून सिलेक्टर थेट तपास, काठावरचे आकडे घालून, ४९, ५०, ५१. जिथे फक्त एक व्हॅल्यू ठेवायची आहे तो रिड्यूसर कंपोनंटच्या टेस्टमध्ये आपोआप तपासला जातो.

इथे सरांच्या बाजूचं एक खरं सांगते. काही कंपोनंट खरंच साधे ठेवावेत. टॉवेलच्या एका ओळीचं कार्ड आहे, ते ऑर्डरमध्ये दिसतं, बिलात दिसतं, रिटर्नमध्ये दिसतं, तर त्याने स्टोअर वाचूच नये, त्याला प्रॉप्स (वरून दिलेल्या व्हॅल्यू) द्याव्यात, आणि त्याची टेस्ट प्रोव्हायडरशिवाय दोन ओळींत होईल. हा तुकडा तीन ठिकाणी वापरायचाय म्हणून वेगळा केला, तर चांगलंच. फक्त टेस्टसाठी म्हणून केला असता तर माझा विरोध होता. आणि नव्या पद्धतीने टेस्ट लिहिताना एखाद्या कंपोनंटसाठी तुला सहा-सात स्लाइस भराव्या लागल्या तर थांब, टेस्ट अवघड आहे असं म्हणून मॉककडे वळू नकोस. त्या कंपोनंटला फार गोष्टी माहीत आहेत हे टेस्ट तुला सांगतेय. त्याचा वरचा भाग स्टोअर वाचेल आणि खालच्यांना हवं तेवढंच देईल असं काहीतरी कर.

तू कव्हरेजबद्दल एवढं लिहिलंयस, ८३ टक्के, सरांनी तो आकडा क्लायंटलाही दाखवला वगैरे. कव्हरेज एवढंच सांगतं की टेस्ट चालताना ही ओळ चालली. त्या ओळीने काढलेलं उत्तर कुणी बघितलं का, हे ते सांगत नाही. गुणाकाराची ती ओळ तुझ्या टेस्टमध्ये रोज चालत होती. त्यापेक्षा मी एक करते, टेस्ट लिहून हिरवी झाली की कोडमध्ये मुद्दाम एक चूक करते, अधिकच्या जागी वजा, किंवा फील्डचं नाव बदलते, आणि टेस्ट लाल होते का बघते. नाही झाली तर ती टेस्ट अजून लिहून झालेली नाही. दोन मिनिटं लागतात, दर नव्या टेस्टला कर, सवय लाव.

आता सरांना सांगायचं कसं, हा तुझ्या पत्रात मधेच आलेला प्रश्न, पण मला वाटतं रात्रीची झोप त्यानेच उडवली असावी. छोट्या ऑफिसात सिनियरच्या विरुद्ध बोलणं सोपं नसतं, त्यात मुलगी, त्यात दोन वर्षांचाच अनुभव. वाद घालू नकोस, लिंका पाठवू नकोस. गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल) ‘नॅन’वाल्या दिवसाचं कमिट, म्हणजे त्या दिवशीचा कोड, काढ. त्यावर तुझी जुनी मॉकवाली टेस्ट चालव, हिरवी येईल. मग नव्या पद्धतीने लिहिलेली एकच टेस्ट चालव, लाल येईल. सरांना म्हण, “सर, दहा मिनिटं आहेत का, एक दाखवायचंय,” आणि दोन्ही त्यांच्यासमोर चालव. काही बोलायची गरज पडणार नाही, तो फोन त्यांनाही आलेला आहे. आणि जुन्या १४० टेस्ट सगळ्या उडवून नव्या लिहू असं म्हणू नकोस, कुणी परवानगी देणार नाही आणि द्यायलाही नको. ज्या कंपोनंटला हात लागेल त्याची टेस्ट तेव्हा बदलायची. पैशाचे आकडे दाखवणारे कंपोनंट तेवढे आधी घ्या, तुमच्या ॲपमध्ये असे पाच-सहाच असतील.

बाकी वाचकांपैकी जे रिडक्स वापरत नाहीत त्यांच्यासाठी: गाभा तोच आहे, पण प्रत्येकाची खोड वेगळी. झुस्टँडमध्ये (रिॲक्टसाठीची दुसरी स्टोअर लायब्ररी) स्टोअर सहसा फाइलच्या पातळीवर एकच असतं, त्यामुळे दर टेस्टनंतर ते मूळ स्टेटवर आणायची सोय स्वतः करावी लागते. व्ह्यू (रिॲक्टसारखंच दुसरं टूल) आणि त्याचं स्टोअर पिनिया वापरणाऱ्यांनी टेस्टसाठीचा तयार पिनिया घेतला तर त्यात ॲक्शन मुळातच बंद असतात, नावाला बोलावल्या जातात पण आतलं काही चालत नाही, म्हणून स्टब-ॲक्शन्स हा पर्याय फॉल्स करा, नाहीतर तुम्हीही हिच्यासारखं हिरव्यावर विश्वास ठेवून बसाल. आणि रिडक्स वापरणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे आरटीके क्वेरी (सर्व्हरचा डेटा आणणारी रिडक्स टूलकिटची सोय) आहे, त्यांची कॅश स्टोअरच्या आतच असते, दर टेस्टला नवं स्टोअर घेतलं की तीही कोरी मिळते.

आणि सोलापूरचं. बाळा, मी इथूनच काम करते, घरून, एप्रिलमध्ये खिडकीला ओले टॉवेल लावून. पाणी येणार त्या दिवशी सकाळची मीटिंग पुढे ढकलून. डॉक्युमेंटेशन पुण्यात वेगळं उघडत नाही. पण तुझ्या प्रश्नात जे खरं आहे ते मला कळतं, की शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं, ऑफिसात कंपोनंट लिहिणारी तू एकटी, आणि दोन वर्षं झाली तरी आपलं बरोबर की चूक हे सांगणारं कुणी नाही. त्यासाठी एक सुचवते, ज्या सहकाऱ्याने ते फील्डचं नाव बदललं त्याच्यासोबत बस. तू त्याच्यावर रागावली आहेस हे पत्रात जाणवतं. तो स्लाइस लिहितो, तू कंपोनंट लिहितेस, पहिली जोडलेली टेस्ट दोघांनी एका लॅपटॉपवर लिहा, तो ॲक्शन सांगेल, तू स्क्रीनवर काय दिसलं पाहिजे ते सांगशील.

पहिल्या टेस्टचं नाव मराठीतच ठेव, जेस्टला (टेस्ट चालवणारं टूल) चालतं: ‘१५० डझन टॉवेल घातले की एकूण रक्कम १,२६,००० दिसते’. कोरं स्टोअर, माल घालायची खरी ॲक्शन, गोषवारा रेंडर, आकडा शोध. दुसरी टेस्ट, रिकाम्या कार्टची, तिथे शून्य दिसतंय की परत ‘नॅन’ दिसतंय ते बघ, मला त्याबद्दल शंका आहे. जुन्या कमिटवर चालवून काय झालं ते कळव, आणि पहिली टेस्ट लाल आली नाही तर कोड तसाच मला पाठव, आपण बघू.